प्रतीत्यसमुत्पाद: ‘कोण?’ या प्रश्नाच्या जागी ‘कशामुळे?’

प्रतीत्यसमुत्पादाविषयी, म्हणजे प्रत्येक गोष्ट कशावर तरी अवलंबून उपजते या बुद्धांच्या शिकवणीविषयी बोलताना ‘जगातील प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीशी जोडलेली आहे’ असे एक वाक्य सर्रास वापरले जाते. ते ऐकायला सुखद आहे आणि सर्वस्वी खोटेही नाही. परंतु त्यातून हाती काहीच लागत नाही, कारण सगळेच सगळ्याशी जोडलेले असेल तर एखादे विशिष्ट दुःख कोठून उगवते आणि ते थांबवायचे असल्यास नेमके कोठे पाहायचे, याचा पत्ता त्या वाक्यात नसतो. पाली सुत्तांतील मूळ सूत्र याहून कितीतरी काटेकोर आहे: ‘इमस्मिं सति इदं होति, इमस्सुप्पादा इदं उप्पज्जति, इमस्मिं असति इदं न होति, इमस्स निरोधा इदं निरुज्झति.’ हे असले की ते असते, हे उपजले की ते उपजते. हे नसले की ते नसते, हे निमाले की तेही निमते. एका ठरावीक गोष्टीच्या असण्यानसण्याशी दुसऱ्या ठरावीक गोष्टीचे असणेनसणे येथे बांधलेले आहे, आणि सूत्राचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे: ज्याला आपण कारण म्हणतो ते नसताना परिणाम उरतो की नाही, हे पाहिल्याखेरीज हा विचार पुढे सरकत नाही.

संयुत्तनिकायातील निदानसंयुत्त, म्हणजे या विषयावरची सुत्ते जेथे एकत्र केली आहेत तो भाग, मी अनेकदा वाचला आहे. बारा निदाने, म्हणजे एकातून दुसरे उपजणाऱ्या बारा कड्या, तेथे पुन्हा पुन्हा येतात: अविद्या, संस्कार (घडवणारी कर्मे), विज्ञान (जाणीव), नामरूप (मन आणि शरीर), षडायतन (सहा इंद्रिये), स्पर्श, वेदना (सुखद, दुःखद किंवा तटस्थ अनुभव), तृष्णा, उपादान (घट्ट धरून ठेवणे), भव (अस्तित्व), जाति (जन्म) आणि जरामरण. ही यादी पाठ करणे कठीण नाही. मात्र यादीपेक्षा मला जास्त विलक्षण वाटते ती त्या सुत्तांतील बुद्धांची एक सवय. कोणी ‘कोण?’ असे विचारले की ते उत्तर देत नाहीत. ते आधी प्रश्नच दुरुस्त करतात. माझ्या समजुतीप्रमाणे प्रतीत्यसमुत्पादाचे सारे वजन या दुरुस्तीत आहे, आणि बारा निदाने ही त्या दुरुस्त केलेल्या प्रश्नाची उत्तरे आहेत.

याचा सर्वांत स्पष्ट नमुना मोलियफग्गुन नावाच्या भिक्षूशी झालेल्या संवादात सापडतो. बुद्ध श्रावस्तीला प्राण्यांना टिकवून धरणाऱ्या चार आहारांविषयी सांगत असतात. त्यांत नेहमीचे अन्न आहे, स्पर्श आहे, मनाची संचेतना (हेतू) आहे आणि विज्ञानही आहे. फग्गुन लगेच विचारतो, ‘भन्ते, हा विज्ञानाहार कोण घेतो?’ बुद्ध म्हणतात, ‘नो कल्लो पञ्हो’, हा प्रश्न योग्य नाही. कोणीतरी आहार घेतो असे मी म्हटलेलेच नाही. तसे म्हटले असते तर ‘कोण’ हे विचारणे बरोबर ठरले असते. विज्ञानाहार कशाला कारण होतो, असे विचार. फग्गुन थांबत नाही. मग स्पर्श कोण करतो? वेदना कोण अनुभवतो? तृष्णा कोण धरतो? उपादान कोण करतो? प्रत्येक वेळी तोच नकार येतो आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न नव्या रूपात परत दिला जातो: कशाच्या प्रत्ययाने, म्हणजे कशाच्या आधाराने, वेदना होते? उत्तर मिळते, स्पर्शाच्या प्रत्ययाने. कशाच्या प्रत्ययाने तृष्णा होते? वेदनेच्या प्रत्ययाने.

हा संवाद वाचताना फग्गुनाविषयी मला आपुलकी वाटते, कारण त्याचा हट्ट आपल्या सर्वांचाच आहे. क्रिया दिसली की आपण कर्ता शोधतो. वाक्याला कर्ता लागतो म्हणून अनुभवालाही कर्ता असलाच पाहिजे, असे आपण नकळत धरून चालतो. बुद्ध येथे ‘कर्ता नाही’ असे ठणकावून सांगत नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तसे सांगितले असते तर तो आणखी एक सिद्धांत झाला असता आणि फग्गुनाने त्यावर वाद घातला असता. ते फक्त इतकेच दाखवतात की ‘कोण’ विचारून तृष्णेचा उगम सापडत नाही आणि ‘कशामुळे’ विचारून तो सापडतो.

हा फरक प्रत्यक्ष अनुभवात कसा दिसतो, ते पाहण्यासाठी एक साधा प्रसंग घेऊ. बरोबर काम करणाऱ्या कोणाचा तरी निरोप येतो: ‘हे तुमच्याकडून नीट होणार नाही, हे मला माहीतच होते.’ अक्षरे डोळ्यांना दिसतात, मन त्यांचा अर्थ लावते. डोळा, अक्षरे आणि त्यांचे विज्ञान या तिघांच्या एकत्र येण्याला सुत्तांत स्पर्श म्हटले आहे. स्पर्शाबरोबर वेदना येते, आणि येथे ती दुःखद आहे. येथपर्यंत जे घडले त्यावर आपला फारसा अधिकार नाही. त्यानंतर मात्र ‘हे नको’ असा एक ओढा निर्माण होतो, आणि नकोसे वाटणारे नाहीसे व्हावे ही इच्छाही सुत्तांच्या दृष्टीने तृष्णाच आहे. कामतृष्णा आणि भवतृष्णा यांच्या बरोबरीने विभवतृष्णा असे तिला स्वतंत्र नाव आहे. मग त्या ओढ्याला पकड येते. ‘मला असे म्हणतो? माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची ही किंमत?’ आता ‘मी’ पूर्ण उभा राहिलेला असतो, त्याला इतिहास असतो, अपमान झालेला असतो, उत्तरही तयार असते.

या क्रमात ‘मी’ कोठे आला ते पाहण्यासारखे आहे. सुत्तांत उपादानाचे चार प्रकार सांगितले आहेत: कामोपादान, दृष्टि-उपादान, शीलव्रतोपादान आणि आत्मवादोपादान. ‘हा मी आहे, हे माझे आहे’ अशी आत्म्याविषयीची धारणा हा उपादानाचाच एक प्रकार आहे, आणि उपादान तृष्णेनंतर येते. म्हणजे आधी ‘मी’ असतो आणि मग त्याला काहीतरी हवे किंवा नको होते, असा आपला नेहमीचा समज असतो, तर येथे क्रम उलटा लावलेला आहे: हवेनकोपणाला पकड आली की तिच्यातून ‘मी’ घट्ट होतो. यादीच्या आरंभी अविद्या आहे हे खरे, आणि ‘मी’पणाची सूक्ष्म सवय तिच्यातच दडलेली असते असेही म्हणता येईल. तरीही मला असे वाटते की फग्गुनाचा प्रश्न अयोग्य का ठरला, याचे उत्तर या क्रमात आहे. ‘तृष्णा कोण धरतो?’ असे विचारणारा मनुष्य, साखळीतील पुढच्या कडीत तयार होणाऱ्या गोष्टीला मागच्या कडीचे कारण ठरवत असतो.

दीघनिकायातील महानिदानसुत्तात तृष्णेपासून एक वेगळी वाटही फुटते, आणि तिच्याकडे फार थोडे लक्ष दिले जाते. कुरु देशातील कम्मासधम्म या गावी बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो की प्रतीत्यसमुत्पाद गंभीर आहे खरा, पण मला तो अगदी उघड वाटतो. बुद्ध त्याला ‘असे म्हणू नकोस’ असे सांगतात. हा धम्म न कळल्यामुळेच लोक गुंतलेल्या सुताच्या गुंड्यासारखे झाले आहेत. मग ते नेहमीचा क्रम सांगता सांगता तृष्णेपाशी वळतात: तृष्णेमुळे शोध, शोधामुळे लाभ, लाभामुळे निर्णय, त्यामुळे आसक्ती, मग चिकटून राहणे, मालकी, कृपणता, राखण, आणि राखणीपायी दंड उचलले जातात, शस्त्रे उचलली जातात, भांडणे, कलह, चहाड्या आणि खोटे बोलणे चालू होते. एका मनुष्याच्या मनातील हवेनकोपणापासून समाजातील हिंसेपर्यंतची ही वाट, मधली एकही पायरी न गाळता दाखवलेली आहे. प्रतीत्यसमुत्पाद हा केवळ ध्यानाला बसलेल्यांचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

आता जो आक्षेप कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल, त्याकडे वळणे भाग आहे. ‘कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवला तर जबाबदारीचे काय? ज्याने अपराध केला तो ‘मी नव्हतोच, केवळ प्रत्यय होते’ असे म्हणून सुटणार नाही काय? हा आक्षेप हलका नाही, आणि सुत्तांनी तो टाळलेलाही नाही. राजगृहात भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धांना अचेल कस्सप नावाचा नग्न तपस्वी गाठतो. ही वेळ नव्हे असे सांगितल्यावरही तो पुन्हा पुन्हा विनवतो आणि शेवटी विचारतो: दुःख स्वतः केलेले असते काय? दुसऱ्याने केलेले असते काय? दोघांनी मिळून? की कोणीही न करता, असेच अकस्मात आलेले? चारही पर्याय बुद्ध नाकारतात. कस्सप गोंधळतो आणि विचारतो की मग दुःख नाहीच काय. की गौतमाला ते ठाऊकच नाही? बुद्ध म्हणतात, दुःख आहे, आणि मी ते जाणतो, पाहतो. मग ते खुलासा करतात. जो करतो तोच भोगतो असे धरले तर एक न बदलणारा कोणीतरी मानावा लागतो, आणि तो शाश्वतवाद होतो. एक करतो आणि दुसराच भोगतो असे धरले तर करणारा तुटून संपला असे मानणारा उच्छेदवाद होतो. या दोन्ही टोकांना न जाता तथागत मधून धम्म सांगतात, असे म्हणून ते अविद्येपासून जरामरणापर्यंतचा क्रम मांडतात.

जबाबदारी येथे नाहीशी झाली नाही. अपराध करणारा ‘तो मी नव्हेच’ असे म्हणेल तेव्हा तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो, आणि ते टोकही नाकारलेलेच आहे. मिलिंदपञ्ह या संवादग्रंथात भिक्षू नागसेन याच मुद्द्यावर राजा मिलिंदाला एका आंबेचोराचा दाखला देतात. पकडला गेल्यावर चोर म्हणतो की मालकाने जमिनीत पुरले ते आंबे वेगळे होते आणि मी नेले ते वेगळे. राजाला त्याचे म्हणणे पटत नाही, कारण नेलेले आंबे पुरलेल्या आंब्यांवाचून झालेच नसते. जबाबदारीसाठी न बदलणारा कर्ता लागत नाही. अखंड प्रत्ययक्रम पुरतो, असे नागसेनांचे सांगणे आहे. उलट माझे तर असे मत आहे की न बदलणारा कर्ता मानला तरच जबाबदारी निरर्थक होते. जो बदलूच शकत नाही त्याला शिक्षण देऊन, समज देऊन किंवा पश्चात्तापाला अवसर देऊन काय साधणार? बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले, आणि चेतना ही प्रत्ययांनी घडणारी गोष्ट असल्यामुळे ती घडवता येते.

कर्ता गेला, तरी निदान जाणीव एकसंध असेल, असा आधार मन शोधते. साति नावाच्या भिक्षूने नेमके हेच धरले होते की तेच एक विज्ञान जन्मोजन्मी संचार करते, तेच बोलते, तेच अनुभवते. बुद्धांनी त्याला कठोर शब्दांत फटकारले आणि अग्नीचे उदाहरण दिले: लाकडावर पेटलेला तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटलेला तो गवताचा; तसेच डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजते ते चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांच्यामुळे उपजते ते श्रोत्रविज्ञान. इंधनाशिवाय नुसता अग्नी कोठे साठवलेला नसतो. आणि विज्ञान हे नामरूपाचे कारण आहे की नामरूप विज्ञानाचे, असे भिक्षू महाकोट्ठितांनी विचारले तेव्हा बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन पेंढ्या दाखवल्या. एक ओढली की दुसरीही पडते. साखळी म्हटली की तिला एक पहिली कडी असलीच पाहिजे, या आपल्या अपेक्षेला या उत्तराने चांगलाच धक्का बसतो.

बारा निदानांचा अर्थ तीन जन्मांवर पसरून लावायचा की एकाच क्षणात, यावर परंपरेत जुना वाद आहे. 5 व्या शतकात पाली ग्रंथांचे भाष्यकार बुद्धघोष यांनी अविद्या आणि संस्कार मागील जन्मात, विज्ञानापासून भवापर्यंतची निदाने या जन्मात आणि जाति व जरामरण पुढील जन्मात, अशी वाटणी विशद केली. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी अभिधर्मकोश या ग्रंथात क्षणिक अर्थाचाही निर्देश केला. लोभाने प्राण्याचा वध करणाऱ्या माणसाच्या त्या एका क्षणात बाराही निदाने कशी असतात, हे त्यांच्या भाष्यात येते. 20 व्या शतकात थायलंडमधील भिक्षू बुद्धदास यांनी तीन जन्मांचा अर्थ आग्रहाने नाकारला. मला बुद्धदासांचा रोख कळतो, परंतु सुत्तांत जातीची व्याख्या करताना निरनिराळ्या सत्त्वसमूहांत प्राण्यांचा जन्म होणे असे स्पष्ट म्हटलेले आहे, त्यामुळे पुनर्जन्माचा अर्थ सगळा नंतर घुसडलेला आहे असे मला म्हणवत नाही. वेदना आणि तृष्णा यांमधली जागा दोन्ही पक्षांना सारखीच महत्त्वाची आहे, आणि वाचणाऱ्याला आज तपासता येण्यासारखी तीच आहे.

महायान परंपरेतील तत्त्वज्ञ नागार्जुन यांनी या विचाराचे पुढे जे केले ते पुष्कळांना अगदी वेगळे तत्त्वज्ञान वाटते. त्यांच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाचा आरंभ प्रतीत्यसमुत्पाद शिकवणाऱ्या बुद्धांना वंदन करून होतो, आणि पहिलीच कारिका म्हणते: ‘न स्वतो नापि परतो न द्वाभ्यां नाप्यहेतुतः’, वस्तू स्वतःपासून, दुसऱ्यापासून, दोहोंपासून किंवा अकारण उत्पन्न झालेल्या कोठेही आढळत नाहीत. अचेल कस्सपाचे चार प्रश्न ज्याने वाचले आहेत त्याला ही ओळ परकी वाटणार नाही. तेथे दुःखाविषयी जे विचारले होते तेच येथे सर्व भावांविषयी विचारले आहे. कात्यायनाला बुद्धांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन टोके टाळण्याचा जो उपदेश केला, त्याचा उल्लेख नागार्जुन 15 व्या प्रकरणात करतात. म्हणून त्यांच्या शून्यतेत, म्हणजे कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नसते या विचारात, मला सुत्तांशी फारकत दिसत नाही.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे 8 वे प्रकरण, कर्म आणि कारक यांची परीक्षा करणारे, सर्वांत जवळचे आहे. कर्त्याला त्याच्या कर्मावाचून कर्ता म्हणता येत नाही, आणि कर्म कर्त्यावाचून सिद्ध होत नाही. ‘प्रतीत्य कारकः कर्म’, कारक कर्मावर अवलंबून, आणि कर्म त्या कारकावर. फग्गुनाला जो कर्ता हवा होता तो कर्माच्या आधी, स्वतंत्र, तयार उभा असलेला होता. तसा कोणी सापडत नाही. पण कर्मासोबत, कर्मामुळे ज्याला कर्ता म्हणतात तो व्यवहारात राहतो. त्यामुळे ‘हे काम कोणी केले?’ असे एरवी विचारायला कसलीच हरकत नाही, आणि बुद्धही लोकांना नावाने हाक मारतच होते. हरकत आहे ती त्या नावामागे प्रत्ययांवाचून उभे असलेले काही शोधण्याला. शालिस्तंब या महायान सूत्रात हीच गोष्ट बीज आणि अंकुर यांच्या रूपाने फार सुंदर मांडली आहे. पृथ्वीला असे वाटत नाही की मी बीजाला धारण करते, पाण्याला असे वाटत नाही की मी त्याला भिजवते, अंकुरालाही असे वाटत नाही की या सर्वांनी मला उत्पन्न केले. तरीही हे सारे जमून आले की अंकुर निघतो, आणि त्यांतले एक नसले तर निघत नाही.

हे सगळे मान्य केल्यावरही एक शंका उरते, आणि साधना करणाऱ्यांकडून ती मी अनेकदा ऐकली आहे: कर्ता नसेल तर प्रयत्न कोण करणार? या प्रश्नातही ‘कोण’ परत आलेलाच आहे, हे दाखवून देणे सोपे आहे, पण तेवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. त्याला द्यायचे उत्तर उपनिससुत्तात आहे असे मला वाटते. तेथे बारा निदानांचा क्रम दुःखापाशी संपत नाही. दुःखाच्या आधाराने श्रद्धा, श्रद्धेच्या आधाराने प्रामोद्य (आनंद), मग प्रीती, प्रश्रब्धी (शांतपणा), सुख, समाधी, यथाभूत ज्ञानदर्शन (जसे आहे तसे पाहणे), निर्वेद (विटणे), विराग आणि विमुक्ती, असा तो पुढे जातो. बांधणारा आणि सोडवणारा असे दोन वेगळे नियम येथे नाहीत. ज्या नियमाने तृष्णा वाढते त्याच नियमाने श्रद्धाही वाढते, आणि प्रयत्न म्हणजे योग्य ते प्रत्यय गोळा करणे. अंगुत्तरनिकायातील एक सुत्त तर याहून पुढे जाते. शीलसंपन्न माणसाला ‘माझ्या मनात अपश्चात्ताप उत्पन्न होवो’ अशी इच्छा करावी लागत नाही. शील असले की तो होतो, ‘धम्मता एसा’, हा स्वभावनियमच आहे. अपश्चात्ताप असलेल्याला प्रामोद्य उत्पन्न व्हावे अशी इच्छा करावी लागत नाही, प्रामोद्य असलेल्याला प्रीतीची इच्छा करावी लागत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर तेच शब्द पुन्हा येत ते सुत्त विमुक्तीच्या ज्ञानदर्शनापर्यंत जाते.